मुतखड्याच्या शस्त्रक्रियेनंतरचा डीजे स्टेंट: त्रास का होतो, किती दिवस राहतो आणि काय विसरू नये

मुतखड्याची शस्त्रक्रिया झाली, खडा फोडून काढला, एक-दोन दिवसांत रुग्णाला घरीही सोडले. पण घरी आल्यावर तासातासाला लघवीला जावे लागते, लघवी करताना कुशीत कळ येते आणि लघवी लालसर दिसते. खडा तसाच राहिला की काय, शस्त्रक्रियेत काही चुकले की काय, अशी शंका घरात सगळ्यांना येऊ लागते. बहुतेक वेळा या त्रासाचे कारण असते शस्त्रक्रियेच्या शेवटी आत ठेवलेली एक मऊ नळी. तिला डीजे स्टेंट म्हणतात.

या नळीचा त्रास बराचसा अपेक्षित असतो आणि ती काढल्यावर तो थांबतो. मात्र ती काढायची तारीख चुकली, तर हीच नळी मूळच्या खड्यापेक्षा मोठे दुखणे होऊ शकते. म्हणून कोणता त्रास सोसण्यासारखा आहे, कोणता नाही आणि नळी कधी काढायची, हे रुग्णाला आणि घरच्यांना माहीत असणे आवश्यक आहे.

डीजे स्टेंट म्हणजे काय?

मूत्रपिंडात, म्हणजे किडनीत तयार झालेली लघवी मूत्रवाहिनी नावाच्या बारीक नळीतून मूत्राशयात, म्हणजे लघवीच्या पिशवीत उतरते. मोठ्या माणसाची मूत्रवाहिनी साधारण २५ ते ३० सेंटीमीटर लांब असते आणि तिची आतली वाट जेमतेम ३ ते ४ मिलीमीटर रुंद असते. एवढ्या अरुंद वाटेत खडा अडकला की लघवी वर तुंबते आणि असह्य कळा येतात.

डीजे स्टेंट ही पॉलियुरेथेन, सिलिकॉन किंवा तशाच मऊ पदार्थाची पोकळ नळी असते. ती मूत्रवाहिनीच्या आत बसते. साधारण २ मिलीमीटर जाडीच्या या नळीला ठिकठिकाणी बारीक छिद्रे असतात. तिची दोन्ही टोके इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखी वळलेली असतात, म्हणून नाव ‘डबल जे’, थोडक्यात डीजे. वरचे वेटोळे किडनीत आणि खालचे मूत्राशयात राहते. या वेटोळ्यांमुळे नळी जागची सरकत नाही.

दुर्बिणीतून सिलिकॉनची सरळ नळी मूत्रवाहिनीत ठेवण्याची पद्धत १९६७ मध्ये प्रसिद्ध झाली. पण सरळ नळी जागेवरून हलत असे. १९७८ मध्ये अमेरिकेतील डॉ. रॉय फिनी यांनी दोन्ही टोकांना वळण असलेल्या स्टेंटची माहिती प्रसिद्ध केली आणि सरकण्याची अडचण बरीच कमी झाली. आजचे स्टेंट त्याच कल्पनेवर बनतात.

हृदयात बसवतात तो स्टेंट धातूच्या जाळीचा आणि कायमचा असतो. डीजे स्टेंट तात्पुरता असतो. दोन्हींना ‘स्टेंट’च म्हणत असल्यामुळे ‘एकदा टाकला की झाले’ असा गैरसमज होतो आणि पुढे तो महागात पडतो.

खडा निघाल्यावर नळी कशासाठी?

लघवीच्या मार्गातून दुर्बीण घालून लेझरने खडा फोडताना मूत्रवाहिनीच्या अस्तराला घर्षण होते आणि त्यावर सूज येते. सुजेने वाट बंद झाली, तर खडा निघूनही लघवी तुंबते आणि पुन्हा तशाच कळा येतात. सूज उतरेपर्यंत स्टेंट ही वाट उघडी ठेवतो. लघवी नळीच्या आतून आणि बाजूनेही वाहत राहते. नळीमुळे मूत्रवाहिनी हळूहळू थोडी सैलही होते. त्यामुळे राहिलेली खड्याची भुकटी किंवा बारीक कण पुढे निघून जायला मदत होते.

काही वेळा स्टेंट शस्त्रक्रियेच्या आधीच टाकतात. खडा अडकून किडनीत जंतुसंसर्ग झाला असेल, तर आधी तुंबलेल्या लघवीला वाट करून द्यायची, संसर्ग आटोक्यात आणायचा आणि मग काही दिवसांनी खडा काढायचा, असा क्रम ठेवतात. मूत्रवाहिनी फारच अरुंद असल्यामुळे दुर्बीण वर जात नसेल, तरीही आधी स्टेंट टाकून नंतर पुन्हा प्रयत्न करतात.

स्टेंट प्रत्येकालाच लागतो असे नाही. शस्त्रक्रिया सरळ पार पडली, मूत्रवाहिनीला इजा झाली नाही, दुसरी किडनी चांगली आहे आणि खड्याचे तुकडे उरलेले नाहीत, अशा वेळी तो टाळता येतो. युरोप आणि अमेरिकेतील मूत्रविकारतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनाही तसेच सांगतात. एकच किडनी असणे, मोठा खडा, जास्त सूज, मूत्रवाहिनीला झालेली इजा किंवा पुन्हा करावी लागणारी शस्त्रक्रिया, अशा परिस्थितीत मात्र तो टाकणेच सुरक्षित ठरते.

त्रास नेमका कुठून येतो?

स्टेंट असलेल्या सुमारे ८० टक्के रुग्णांना कमी-अधिक त्रास जाणवतो. त्याची मुख्य कारणे दोन आहेत.

पहिले कारण मूत्राशयातले वेटोळे. मूत्राशयाच्या तळाचा भाग फार संवेदनशील असतो. पिशवी भरली की मेंदूला निरोप जातो तो बराचसा इथूनच. स्टेंटचे खालचे टोक याच भागाला घासत राहते. त्यामुळे पिशवीत थोडीशीच लघवी असली तरी ती भरल्यासारखी वाटते. घाईने जावे लागते, रात्री दोन-चारदा उठावे लागते, लघवी करूनही पूर्ण झाल्यासारखे वाटत नाही. ओटीपोटात दुखते. पुरुषांना शिश्नाच्या टोकाशी, तर स्त्रियांना लघवीच्या जागी झिणझिणल्यासारखे किंवा उन्हाळी लागल्यासारखे वाटते.

दुसरे कारण लघवीचा उलटा दाब. मूत्रवाहिनी मूत्राशयाला जिथे मिळते तिथे एरवी झडपेसारखी व्यवस्था असते. लघवी करताना मूत्राशय आवळले की ही झडप मिटते आणि लघवी वर जात नाही. स्टेंट नेमका या झडपेतून गेलेला असल्यामुळे ती पूर्ण मिटत नाही. लघवी करताना दाब थेट किडनीपर्यंत पोहोचतो आणि कुशीत कळ येते. लघवी संपली की ती सहसा ओसरते. लघवी करतानाच दुखते, एरवी नाही, असे असेल तर ती स्टेंटची कळ असण्याची शक्यता जास्त.

चालले, वाकले, जिना चढला की नळी थोडी हलते आणि अस्तराला घासते. त्यामुळे लघवीत रक्त दिसते. सकाळी फिकट दिसणारी लघवी दिवसभराच्या धावपळीनंतर गुलाबी होते आणि भरपूर पाणी पिऊन विश्रांती घेतल्यावर पुन्हा स्वच्छ होते. असा चढउतार नळी आत असेपर्यंत चालू शकतो. थेंबभर रक्तानेही पाण्याचा रंग बदलतो, त्यामुळे दिसते तेवढे रक्त प्रत्यक्षात गेलेले नसते.

किती दिवस चालते?

पहिले दोन-तीन दिवस जळजळ सर्वाधिक असते, कारण त्यात दुर्बिणीने झालेल्या घर्षणाचाही वाटा असतो. त्यानंतर बहुतेकांचा त्रास हळूहळू कमी होतो आणि शरीराला नळीची थोडी सवय होते. काहींना स्टेंट आहे हेच जाणवत नाही, तर काहींचा त्रास नळी काढेपर्यंत तसाच राहतो. एकाच माणसाला पहिल्या वेळी काहीच जाणवले नाही आणि दुसऱ्या वेळी फार त्रास झाला, असेही होते. शेजाऱ्याला काही झाले नव्हते म्हणून आपल्याला होणारा त्रास खोटा किंवा वाढवून सांगितलेला ठरत नाही.

साध्या शस्त्रक्रियेनंतर स्टेंट काही दिवस ते दोन आठवडे ठेवतात. गुंतागुंत असेल तर चार ते सहा आठवडे किंवा त्याहून अधिक. सर्वसाधारण स्टेंट तीन महिन्यांपुढे आत ठेवू नये, असा संकेत आहे. अधिक काळ गरज असेल तर जुना काढून नवा टाकतात. गरोदरपणात स्टेंटवर क्षार लवकर साचतात, त्यामुळे तो आणखी लवकर बदलावा लागतो.

त्रास कमी कसा करता येतो?

स्टेंटच्या त्रासावर औषधे आहेत. टॅमसुलोसिनसारखी औषधे मूत्रवाहिनीच्या खालच्या भागातील आणि मूत्राशयाच्या तोंडाशी असलेले स्नायू सैल करतात. सोलिफेनासिन किंवा मिराबेग्रॉनसारखी औषधे मूत्राशयाचे अवेळी आवळणे कमी करतात. सोबत वेदनाशामक गोळ्या दिल्या जातात. कोणते औषध कोणाला चालेल हे वय, रक्तदाब, काचबिंदू, किडनीची स्थिती यांवर ठरते. टॅमसुलोसिनने उठताना चक्कर येऊ शकते आणि पुरुषांमध्ये वीर्य कमी आल्यासारखे किंवा न आल्यासारखे वाटू शकते. औषध थांबवल्यावर हे पूर्ववत होते. किडनी आधीच अशक्त असेल तर काही वेदनाशामक गोळ्या तिला अपाय करतात, म्हणून दुकानातून स्वतःच्या मनाने गोळी आणून घेऊ नये. जळजळीसाठी दिल्या जाणाऱ्या फेनाझोपायरिडिन या औषधाने लघवी गडद नारिंगी होते, ते रक्त नसते.

औषधांशिवाय काही साध्या गोष्टींचाही उपयोग होतो. पाणी दिवसभर थोडे थोडे करून पुरेसे प्यावे. लघवी पातळ राहिली की जळजळ कमी होते आणि रक्ताच्या गुठळ्या होत नाहीत. हृदयविकार किंवा किडनीच्या आजारामुळे पाण्यावर मर्यादा असेल, तर प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. झोपण्याआधीच्या दोन तासांत पाणी कमी केले तर रात्रीचे उठणे थोडे घटते. लघवी रोखून धरू नये, कारण पिशवी जितकी भरलेली तितका वरचा दाब जास्त. लघवी करताना जोर न लावता सावकाश होऊ द्यावी. चहा-कॉफी जास्त झाली तर घाई वाढते. बद्धकोष्ठता होऊ देऊ नये, कुंथण्यानेही दुखणे आणि रक्त वाढते. ओटीपोटावर कोमट शेक घेतल्याने बऱ्याच जणांना बरे वाटते.

रोजचे व्यवहार

स्टेंट आत असताना अंथरुणावर पडून राहण्याची गरज नसते. बैठे काम करणारे अनेक जण काही दिवसांत कामावर जातात. फक्त स्वच्छतागृह जवळ असावे, आणि एसटीचा लांबचा प्रवास असेल तर थांब्यांचा विचार आधी करावा. हमाली, शेतातली जड कामे, पाण्याच्या घागरी उचलणे किंवा जोरदार व्यायाम यांनी दुखणे व रक्त वाढू शकते. ती कामे कधी सुरू करायची हे शस्त्रक्रियेच्या प्रकारावर अवलंबून असते. पाठीतून छिद्र पाडून खडा काढला असेल तर जास्त दिवस थांबावे लागते. भूल दिल्यानंतर किमान २४ तास वाहन चालवू नये. गुंगी आणणारी वेदनाशामक औषधे चालू असतील तर नंतरही नाही.

सुरुवातीची जळजळ ओसरल्यावर शरीरसंबंधाला सहसा हरकत नसते, थोडे दुखू शकते. मात्र स्टेंटला बाहेर आलेला दोरा असेल तर तो निघेपर्यंत टाळावे.

लगेच डॉक्टरांकडे कधी जायचे?

पुढीलपैकी काहीही झाले तर नेमलेल्या तारखेची वाट पाहू नये:

– १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, विशेषतः हुडहुडी भरून येणारा
– औषध घेऊनही न थांबणारे, वाढत जाणारे दुखणे किंवा सतत उलट्या
– गडद लाल, दाट लघवी किंवा रक्ताच्या गुठळ्या
– लघवी पूर्ण अडणे किंवा फारच कमी होणे
– लघवीवर अजिबात ताबा न राहता ती सतत गळत राहणे, कारण नळी खाली सरकलेली असू शकते
– नळी किंवा तिचा भाग बाहेर आलेला दिसणे

यात तापाला सर्वाधिक महत्त्व आहे. किडनीतला संसर्ग रक्तात पसरायला वेळ लागत नाही. ‘सकाळपर्यंत बघू’ असे म्हणून क्रोसिन देऊन झोपवणे धोक्याचे ठरू शकते. मधुमेही, वयस्कर आणि गरोदर रुग्णांच्या बाबतीत तर अधिकच. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी त्या स्वतःहून बंद करू नयेत आणि रक्त वाढले तर लगेच कळवावे.

स्टेंट कसा काढतात?

बहुतेक प्रौढ रुग्णांचा स्टेंट बाह्यरुग्ण विभागातच काढला जातो. लघवीच्या जागी बधिर करणारी जेली सोडतात, बारीक दुर्बीण मूत्राशयात नेतात आणि चिमट्याने खालचे टोक धरून नळी बाहेर ओढतात. पोटावर कुठेही कापावे लागत नाही. काही मिनिटांचे काम असते. स्त्रियांचा मूत्रमार्ग सुमारे ४ सेंटीमीटरचा असल्यामुळे त्यांना तुलनेने कमी त्रास होतो. पुरुषांना थोडा वेळ दाब व जळजळ जाणवते. लहान मुलांना सहसा पूर्ण भूल देतात.

काही डॉक्टर स्टेंटला बारीक दोरा ठेवतात. तो लघवीच्या जागेतून बाहेर येतो आणि मांडीला किंवा जवळपास चिकटवलेला असतो. अशा वेळी दुर्बीण लागत नाही, दोरा ओढून नळी काढता येते. मात्र आंघोळ करताना, कपडे बदलताना तो चुकून ओढला जाणार नाही याची काळजी घ्यावी लागते. नळी वेळेआधी निघाली तर ती परत आत ढकलू नये, रुग्णालयाला कळवावे.

नळी काढल्यावर एक-दोन दिवस थोडी जळजळ व किंचित रक्त दिसू शकते. काही जणांना काही तासांनी कुशीत मुतखड्यासारखीच कळ येते. नळी निघाल्यावर मूत्रवाहिनी आवळते, त्यातून ती येते. सांगितलेली गोळी घेतल्यावर सहसा एखाद्या दिवसात थांबते. थांबली नाही किंवा ताप आला तर पुन्हा दाखवावे.

विसरलेला स्टेंट

दोन-तीन आठवड्यांनी त्रास कमी होतो, कामधंदा सुरू होतो आणि ‘आता दुखत नाही, मग कशाला जायचे’ असा विचार येतो. शस्त्रक्रिया पुण्या-मुंबईत झालेली असते आणि रुग्ण गावी परतलेला असतो. ऊसतोडीसाठी किंवा बांधकामासाठी घर सोडून गेलेल्या कुटुंबाला त्या तारखेला रुग्णालय गाठणे अवघड असते. कधी रुग्णाला आत नळी आहे हेच कोणी नीट समजावून सांगितलेले नसते.

आत राहिलेल्या नळीवर लघवीतील क्षार साचतात. ज्यांना मुळात खडे होतात त्यांच्यात हे लवकर घडते. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, खड्याच्या रुग्णांवरील एका अभ्यासात सहा आठवड्यांच्या आत काढलेल्या स्टेंटपैकी सुमारे ९ टक्क्यांवर क्षारांचा थर आढळला. सहा ते बारा आठवड्यांत हे प्रमाण सुमारे ४७ टक्के आणि बारा आठवड्यांपुढे ७६ टक्के होते. थर वाढत गेला की दोन्ही वेटोळ्यांभोवती नवे खडे तयार होतात आणि नळी ओढून निघत नाही. नळी ठिसूळ होऊन तुटते, बंद पडते. लघवी तुंबून किडनी हळूहळू निकामी होऊ शकते आणि रुग्णाला ते दुखतही नाही. जे काम दहा मिनिटांत झाले असते, त्यासाठी मग एकापेक्षा अधिक शस्त्रक्रिया कराव्या लागतात.

म्हणून घरी सोडताना चार गोष्टी विचारून डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्याव्यात. स्टेंट टाकला आहे का? एका बाजूला की दोन्ही बाजूंना? कोणत्या तारखेला काढायचा? कुठे आणि किती खर्चात? शासकीय योजनेतून किंवा विम्यातून शस्त्रक्रिया झाली असेल, तर स्टेंट काढण्याचा खर्च त्यातच आहे का, हेही तेव्हाच विचारावे. तारीख मोबाइलमध्ये आणि घरातल्या दिनदर्शिकेवर लिहावी आणि आणखी एका व्यक्तीला सांगून ठेवावी. गाव लांब असेल तर जवळच्या मूत्ररोगतज्ज्ञाकडे काढता येतो, त्यासाठी डिस्चार्ज कार्ड दाखवावे लागते. पूर्वी कधी टाकलेला स्टेंट काढला की नाही अशी शंका असेल, तर पोटाच्या साध्या एक्स-रेमध्ये तो सहसा दिसतो.

पानफुटी, कुळीथ आणि पथ्य

महाराष्ट्रात मुतखड्यावर पानफुटीची पाने, कुळथाचे कढण असे उपाय घरोघरी केले जातात. यांपैकी कशानेही स्टेंट विरघळत नाही किंवा आपोआप पडून जात नाही. शस्त्रक्रियेनंतर औषधे चालू असताना काढे घ्यायचे असतील तर डॉक्टरांना सांगून घ्यावेत.

खडा पुन्हा होऊ नये यासाठी मुख्य गोष्ट आहे पाणी. दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतके, म्हणजे साधारण अडीच ते तीन लिटर पाणी व पातळ पदार्थ. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, उन्हात काम करणाऱ्यांना याहून जास्त लागते. मीठ कमी करावे. लोणचे, पापड, फरसाण यांतून ते नकळत वाढते. दूध-दही बंद करू नये. आहारातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवते, त्यामुळे ते बंद केल्यास उलट खड्याचा धोका वाढू शकतो. टोमॅटोच्या बियांनी खडा होतो ही समजूतही खरी नाही. पालकात मात्र ऑक्झलेट भरपूर असते, म्हणून कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा असलेल्यांनी तो बेताने खावा. काढलेल्या खड्याची प्रयोगशाळेत तपासणी करून घेतली, तर तो कोणत्या प्रकारचा होता हे कळते आणि पथ्य त्याप्रमाणे ठरवता येते.

पथ्यपाण्याचा विचार पुढे वर्षानुवर्षे करायचा आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत मात्र दोन गोष्टी सांभाळायच्या: ताप आला तर थांबायचे नाही, आणि त्रास असो वा नसो, स्टेंट ठरलेल्या तारखेला काढून घ्यायचा.